गाडी रद्द की नुसती लेट? सोलापूरहून निघणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काय करायचं

माझ्या साडूंनी गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसची चार कन्फर्म तिकिटं स्वतःच्या हाताने रद्द केली. दुपारी व्हॉट्सॲपवर निरोप आला होता, ‘घाटात दरड, आजची सिद्धेश्वर रद्द’. निरोप कुठल्या वर्षीचा होता कुणास ठाऊक. गाडी त्या रात्री पाऊण तास उशिरा का होईना, सुटली आणि यांच्या चार बर्थवर वेटिंगवाले आरामात झोपून मुंबईला गेले. इकडे रिफंडमध्ये कपात, आणि पहाटे पुणे नाक्यावर बसची वाट बघत चौघं सामानासकट उभे.

मी दर आठवड्याला पुण्याला ये-जा करतो, म्हणून असे फोन मला येतात. ‘गाडी कॅन्सल झाली म्हणे ओ, आता काय करू?’ मी उलट विचारतो, कॅन्सल म्हणजे नेमकं काय झालंय? तिथे समोरचा गप्प होतो. बहुतेकांचे पैसे या एका प्रश्नावर अडकतात. रेल्वेकडे ‘गाडी नाही’ सांगायचे पाच वेगळे शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाचा पैशाचा हिशेब वेगळा. आधी शब्द ओळखायचा, मग हात चालवायचा. पुढचा क्रम त्यासाठीच आहे.

पायरी १: तिकीट काढतानाच करायची कामं

गाडी रद्द झाल्याचा एसएमएस तिकिटाशी जोडलेल्या मोबाइल नंबरवर येतो. खिडकीवर फॉर्म भरताना लोक नंबरची जागा मोकळी सोडतात, नाहीतर दुकानातून तिकीट काढलं तर दुकानदाराचा नंबर पडतो. मग निरोप दुकानदाराला जातो आणि तुम्ही स्टेशनवर उभे. प्रवास करणाऱ्याचाच नंबर द्या. म्हातारे आईवडील एकटे जात असतील तर मात्र तुमचा द्या, कारण एसएमएस तुम्ही वाचणार आहात.

अधिकृत एजंटकडून ई-तिकीट काढलं असेल, तर ते रद्द करून रिफंड घेताना प्रवाशाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो एजंटला सांगितल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. नंबर चुकीचा असला की इथेही गाडं अडतं. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा रिफंड असाच अडकला होता. ओटीपी कुणाच्या तरी बंद पडलेल्या सिमवर जात होता.

गाडीचा नंबर दिशेसकट लिहून ठेवा. सिद्धेश्वर मुंबईहून येते तेव्हा १२११५ असते, सोलापूरहून जाते तेव्हा १२११६. हुतात्मा पुण्याहून येताना १२१५७, जाताना १२१५८. लोक नुसतं ‘सिद्धेश्वर’ शोधतात, भलत्या दिशेची गाडी उघडते आणि ती वेळेवर दिसली की निर्धास्त झोपतात. नंबर शून्याने सुरू होत असेल तर ती विशेष गाडी आहे. माझ्या अनुभवात विशेष गाड्यांना उशिराची सवय जास्त, तेव्हा पुढे जोडगाडी असेल तर मी विशेष गाडीवर भिस्त ठेवत नाही.

जोडगाडीवरून आठवलं. पुण्यात किंवा मुंबईत दुसरी गाडी धरायची असेल, तर दोन्ही पीएनआर (तिकिटावरचे दहा आकडी नंबर) जोडून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा पोहोचल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसरीचं भाडं कपातीशिवाय परत मागता येतं. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील एकसारखा हवा. पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत दावा टाकावा लागतो.

*तपासा:* मध्यरात्रीनंतरची गाडी असेल तर तारीख दोनदा वाचा. १४ तारखेची ००.२० म्हणजे १३ च्या रात्री जेवून निघायचं. यात चुकलेला माणूस स्टेशनवर येतो तेव्हा त्याची गाडी कालच गेलेली असते, आणि त्यावर कुठलाच रिफंड नाही.

पायरी २: आदल्या संध्याकाळपासून गाडीवर नजर

एनटीईएस हे रेल्वेचं स्वतःचं ॲप. त्यात रद्द, अंशतः रद्द, वेळ बदललेल्या आणि मार्ग बदललेल्या गाड्यांच्या याद्या वेगवेगळ्या मिळतात. स्मार्टफोन नसेल तर १३९ वर फोन लावा. इतर ॲप्स गाडी कुठे पोहोचली ते बघायला बरी आहेत, पण गाडी रद्द आहे की नाही याचा निर्णय त्यांच्यावरून करू नका.

एनटीईएसवर एक खोच आहे. तारीख निवडताना गाडी *मूळ स्थानकावरून* सुटली ती तारीख धरायची. भुवनेश्वरहून मुंबईला जाणारी कोणार्क सोलापुरात येते ती दुसऱ्या दिवशी. आजची तारीख टाकली तर उद्या येणारी गाडी दिसते. ती अजून लांब ओडिशात असते आणि अगदी वेळेवर असते.

सोलापुरातूनच सुटणारी गाडी असेल तर तिच्या येणाऱ्या जोडीवर नजर ठेवा. डबे आकाशातून पडत नाहीत. वंदे भारत रात्री उशिरा मुंबईहून येते आणि पहाटे सहाच्या सुमारास परत निघते. ती रात्री दोन-तीन तास उशिरा आली, तर सफाई आणि तपासणी उरकून पहाटे वेळेवर निघण्याला वाव किती उरला, हा हिशेब तुम्ही घरी बसून करू शकता. घोषणा त्यानंतर होते.

तिसरी नजर ब्लॉकवर. रुळांचं किंवा सिग्नलचं काम आधी ठरलेलं असतं आणि रद्द गाड्यांची यादी बहुधा काही दिवस आधी वर्तमानपत्रात येते. पावसाळ्यात कर्जत-लोणावळा घाट बघा. तिथे अडलं की मुंबईच्या गाड्या पुण्यातच संपवतात.

*सावधान:* फॉरवर्ड आलेल्या यादीवर तारीख आणि वर्ष नसेल तर ती यादी नाहीच असं समजा.

पायरी ३: शब्द ओळखा

ही पायरी घाईत उरकू नका. बाकी सगळं यावर उभं आहे.

*रद्द.* गाडी आज धावणारच नाही. हा सगळ्यात सोपा प्रकार, पूर्ण भाडं परत.

*अंशतः रद्द.* गाडी धावते, पण अर्धी. समजा सोलापूरहून सुटणारी गाडी आज कुर्डुवाडीहून सुटणार आहे, किंवा मुंबईची गाडी पुण्यात संपणार आहे. ॲपवर गाडी ‘चालू’ दिसते, म्हणून माणूस बिनधास्त स्टेशनवर येतो. आपलं चढायचं आणि उतरायचं स्थानक त्या अर्ध्या भागात आहे का, एवढंच बघायचं. तुमचं बोर्डिंग सोलापूर असेल आणि तुम्ही बसने कुर्डुवाडी गाठून चढायचं म्हणत असाल, तर आधी बोर्डिंग स्थानक बदलता येतं का ते बघा. न बदलता वर चढलात तर टीसीने तुमची जागा रिकामी धरून दुसऱ्याला दिलेली असू शकते.

*मार्ग बदल.* गाडी निघते, पोहोचते, पण दुसऱ्या वाटेने. दौंडच्या पुढे अडचण असली की मुंबईच्या गाड्या दौंडहून मनमाडमार्गे कल्याणला काढतात. मुंबईवाल्याला नुसता उशीर होतो, पण पुण्यात उतरणाऱ्याची गाडी पुण्याला जातच नाही. दौंडमध्येच काम असेल तर कुर्डुवाडीहून मिरज, सातारामार्गे पुणे असा लांबचा फेराही पडतो. पुणं लागतं खरं, पण सकाळच्या कामाला निघालेला माणूस किती वाजता पोहोचणार ते विचारू नका.

*वेळ बदल.* मूळ स्थानकावरूनच गाडी उशिरा सोडायचं जाहीर झालेलं असतं, ‘रीशेड्यूल’ म्हणतात तो हा प्रकार. हा कळला तर बरं, कारण घरीच थांबता येतं.

*उशीर.* गाडी निघाली आहे, वाटेत रखडली आहे. इथे एक आकडा लक्षात ठेवायचा, तीन तास. हे तीन तास *तुमच्या चढायच्या स्थानकावर* मोजतात. बेंगळुरूहून येणारी गाडी वाडीला पावणेतीन तास उशिरा असेल, तर सोलापुरात ती सव्वातीन तासांवर जाईल किंवा अडीचवर येईल, दोन्ही होतं. वेळापत्रकात काही ठिकाणी राखीव मिनिटं असतात आणि चालक ती वसूल करतात.

*तपासा:* पाचपैकी कोणता शब्द, ते एनटीईएसवर पाहिलंत? मग त्या पानाचा स्क्रीनशॉट वेळेसकट घ्या. पुढे दावा करताना तो जवळ असलेला बरा.

पायरी ४: पैसे, आणि बोट कुठे ठेवायचं नाही

नियम २०१५ च्या रिफंड नियमांचे आहेत, १२ नोव्हेंबर २०१५ पासूनचे.

ई-तिकीट असेल आणि गाडी पूर्ण रद्द असेल तर काहीही करू नका. खरंच काही नाही. पैसे आपोआप, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात येतात. सुविधा शुल्क तेवढं परत येत नाही. गाडी रद्द झाल्याची नोंद सिस्टीममध्ये होण्याआधी तुम्ही ‘तिकीट रद्द करा’ दाबलंत, तर तो तुमचा स्वतःचा निर्णय धरला जातो आणि नेहमीची कपात होते. साडूंचं नेमकं हेच झालं.

बाकी चार प्रकारांत ई-तिकिटाचे पैसे आपोआप येत नाहीत. टीडीआर, म्हणजे रिफंड मागायचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो. आयआरसीटीसीवर लॉगिन करून तुमच्या व्यवहारांच्या यादीत जायचं, तिथे टीडीआरचा पर्याय असतो. पीएनआर निवडा, कारण निवडा. कारण चुकीचं निवडलं तर दावा फेटाळला जातो, म्हणून पायरी ३ मधला शब्द इथे कामाला येतो.

तीन तासांच्या उशिराला टीडीआर भरायची मुदत गाडी तुमच्या स्थानकावरून *प्रत्यक्ष सुटेपर्यंतच* असते. लोक बसने पुण्याला जातात, दुसऱ्या दिवशी निवांत फॉर्म भरायला बसतात आणि मुदत संपलेली असते. उलट चूकही होते. गाडी अडीच तास लेट दिसते, ‘होतील की तीन’ म्हणून टीडीआर आधीच भरतात, आणि गाडी दोन तास पन्नास मिनिटं उशिरा येऊन उभी राहते. दोन्ही बाजूंनी गेलं. म्हणून लॉगिन करून पान उघडं ठेवा, तीन तास ओलांडू द्या, मग भरा. त्या गाडीत बसलात तर मात्र उशिराचा रिफंड मिळत नाही, मग गाडी आठ तास लेट का असेना.

अंशतः रद्द आणि मार्ग बदल यांना मुदत जास्त आहे, ७२ तास. तरी त्याच दिवशी उरका. उद्यावर टाकलेला टीडीआर राहून जातो.

खिडकीवरचं छापील तिकीट असेल तर ते खिडकीवरच द्यावं लागतं. गाडी रद्द झाली असेल तर तीन दिवसांच्या आत, तीन तासांहून जास्त लेट असेल तर गाडी सुटायच्या आत. रात्री आरक्षण केंद्र बंद दिसलं म्हणून तिकीट खिशात घालून घरी जाऊ नका. चालू तिकीट खिडकीवर विचारा, तिथे नाही झालं तर स्टेशन मास्तरांना विचारा.

तत्काळचं कन्फर्म तिकीट आपण रद्द केलं तर काही मिळत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे गाडी रद्द झाली तरी तत्काळवाले पैशावर पाणी सोडतात. सोडू नका. गाडी रेल्वेने रद्द केली किंवा तीन तासांवर लेट झाली आणि तुम्ही गेला नाहीत, तर तत्काळचंही पूर्ण भाडं परत मिळतं.

*सावधान:* रद्द गाडीचं आरक्षित तिकीट घेऊन दुसऱ्या गाडीत चढू नका. ‘आमची गाडी तुम्हीच रद्द केली’ हे टीसीला पटवता येत नाही. रेल्वेने एखाद्या गाडीत बसायची परवानगी जाहीर केली असेल तरच बसा, नाहीतर नवं तिकीट काढा.

पायरी ५: थांबायचं की निघायचं

हे मी एका प्रश्नावर ठरवतो. गाडी कशामुळे अडली आहे?

पुढच्या गाड्यांच्या गर्दीमुळे रखडली असेल तर ती हळूहळू येते. रूळ, दरड किंवा तुटलेली वायर असेल तर दिलेली कुठलीच वेळ खरी धरू नका. तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे माणसं. लोको पायलटची सलग गाडी चालवायची ड्युटी साधारण नऊ तासांत बसवायची असते. आधीच लेट झालेल्या गाडीचा चालक तास भरत आल्यावर बदलावा लागतो. बदलीचा क्रू लॉबीत तयार नसेल किंवा कुठल्या मालगाडीवर अडकला असेल, तर सिग्नल हिरवा होऊ शकत असूनही गाडी उभी राहते. थकलेल्या माणसाच्या हातात हजार-बाराशे जीव देण्यापेक्षा ते बरंच. पण फलाटावर उभ्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

चालकांची तूट एका रात्रीत भरणारी नाही. भरतीला बसलेला मुलगा परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण पार करून इंजिनात बसेपर्यंत बराच काळ जातो.

तुम्ही गाडीत असाल आणि ती छोट्या स्थानकावर अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त उभी असेल, तर शेवटच्या डब्यातल्या ट्रेन मॅनेजरना विचारा. पूर्वी यांनाच गार्ड म्हणायचे, जानेवारी २०२२ पासून नाव बदललं. ‘कधी सुटणार?’ असं विचारू नका, त्यांनाही ते ठाऊक नसतं. ‘सिग्नल नाही, की क्रू बदलायचाय?’ असं विचारा. या प्रश्नाला मला बहुतेक वेळा सरळ उत्तर मिळालंय.

फलाटावर असाल तर घोषणेतल्या मिनिटांपेक्षा गाडी शेवटची कुठे दिसली ते बघा. आधी वीस मिनिटं, मग चाळीस, मग दीड तास, असं लांबत जातं ते मुद्दाम नव्हे. मागच्या स्थानकावरून जेवढी खबर येते तेवढीच पुढे सांगितली जाते.

निघायचं ठरलं तर एसटी स्टँड स्टेशनपासून रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर आहे, आणि पुण्याच्या खाजगी बस पुणे नाक्यावर मिळतात. गाडी रद्द झाल्याची घोषणा संपेपर्यंत अर्धा फलाट स्टँडकडे धावतो. म्हणून आधी बसची जागा पक्की करा. पूर्ण रद्दचा रिफंड कुठे पळत नाही. तीन तासांच्या उशिराचा मात्र पळतो, तेव्हा तिथे टीडीआर आधी आणि रिक्षा नंतर.

आषाढीच्या आणि गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत बसवर विसंबू नका. त्या दिवसांत बसही तशाच भरलेल्या असतात. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा, दोन्ही उशिराला घाबरत नाहीत.

पायरी ६: वाट बघणाऱ्यांना काय कळवायचं

‘येतोय, गाडी जरा लेट आहे’ हा निरोप पाठवू नका. घरचे दर दहा मिनिटांनी फोन करतात, तुमची बॅटरी संपते आणि खरी गरज लागते तेव्हा फोन बंद असतो. निरोपात चारच गोष्टी लिहा: गाडीचा नंबर, आत्ता कुठे आहे, कारण, आणि पुढचा निरोप किती वाजता देणार.

‘१२१५८ हुतात्मा. ७.४० ला माढ्याजवळ उभी. सिग्नल नाही म्हणाले. पुढचा मेसेज ८.१० ला.’

८.१० ला काही नवीन नसेल तरी ‘अजून तिथेच’ एवढं लिहा. पोहोचायची वेळ अंदाजाने देऊ नका. लग्नाचं वऱ्हाड किंवा पंचवीस-तीस जणांची सहल असेल, तर एकानेच कळवायचं आणि एकानेच एनटीईएस बघायचं. पाच जण पाच ॲप्स उघडून बसले की डब्यात पाच वेळा होतात आणि भांडणं सुरू होतात.

पायरी ७: तक्रार आणि पाठपुरावा

तक्रार रेलमदत या रेल्वेच्या तक्रार ॲपवर किंवा १३९ वर करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. ‘सेवा अतिशय वाईट’ असं लिहून काही होत नाही. पीएनआर, गाडी नंबर, तारीख, स्थानक, किती वाजता काय घोषणा झाली, आणि तुमची नेमकी मागणी, एवढं लिहा.

उशिरामुळे विमान चुकलं, परीक्षा बुडाली असं मोठं नुकसान झालं असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये, चार तास उशिरामुळे विमान चुकलेल्या कुटुंबाला भरपाई देण्याचा आदेश कायम ठेवला. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने सिद्ध करायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून चुकलेल्या विमानाचं तिकीट, टॅक्सीची पावती आणि पायरी ३ मधला तो स्क्रीनशॉट फेकू नका.

टीडीआरचा निकाल यायला दोन-तीन महिने लागतात. भरला त्या दिवशी कालनिर्णयवर पुढच्या दोन महिन्यांच्या पानांवर पीएनआर लिहून ठेवा, आणि त्या तारखेला पैसे भरलेलं खातंच तपासा. साडूंचा एक जुना टीडीआर मंजूर होऊन आठ महिने झाले होते. पैसे मुलाच्या खात्यात पडून होते आणि मुलाने ते केव्हाच संपवले होते.